पेशी वाढल्या म्हणजे बरं झालं? धायरीच्या एका मुलीचं ल्युकेमिया-प्रकरण

हे प्रकरण एका मुलीचं म्हणून लिहिलं असलं, तरी ते एकाच घरातून उचललेलं नाही. पुण्यातल्या मुलांच्या कॅन्सर वॉर्डात पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या वाटचाली एकत्र करून ते बांधलं आहे. मुलगी साडेचार वर्षांची, घरात तिला चिऊ म्हणतात. धायरीत दोन खोल्या. वडील नऱ्ह्यातल्या एका वर्कशॉपमध्ये मशीनवर, आई घरी ब्लाउज शिवते, आजी भोर तालुक्यातल्या गावाहून येऊन-जाऊन असते.

तिचा आजार दुर्मीळ नव्हता. अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे एएलएल, हा रक्ताचा कॅन्सर. तो लहान मुलांत सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर आहे. दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान त्याचं प्रमाण सर्वाधिक असतं, आणि चिऊला झाला तो त्यातलाही नेहमीचा प्रकार. तरीही हे प्रकरण लिहिण्याजोगं वाटतं, कारण उपचारांच्या दुसऱ्या वर्षात तिचे रिपोर्ट नको तितके चांगले यायला लागले. त्या टप्प्यावर काय झालं, यासाठी हा सगळा खटाटोप. पण तिथे पोचायला सुरुवातीपासून यावं लागेल.

डेंग्यूच्या दिवसांत आलेला ताप

ऑगस्टचा महिना. सिंहगड रोडच्या पट्ट्यात घरटी एक डेंग्यू. चिऊला नऊ दिवस बारीक ताप होता, संध्याकाळी १०१ पर्यंत जायचा. त्याआधीचे दोन आठवडे ती रात्री ‘पाय दुखतात’ म्हणून उठायची, सकाळी थोडी लंगडायची. नडगीवर तीन-चार काळेनिळे डाग होते, पण खेळणाऱ्या पोराच्या नडगीवर डाग असणारच, म्हणून कुणी त्याचं काही वाटून घेतलं नाही.

रक्ताच्या पहिल्या तपासणीत प्लेटलेट ६८,००० आल्या. ऑगस्टमध्ये, तापात, प्लेटलेट कमी म्हटल्यावर सगळ्यांच्या तोंडी डेंग्यूच येतो. डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आली, तर ‘लवकर केली असेल, परत करू’ असं ठरलं. तो रिपोर्ट आज समोर ठेवला की दोन आकडे डोळ्यांत भरतात. हिमोग्लोबिन ७.४ होतं. डेंग्यूत रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं आणि रक्त उलट घट्ट होतं; रक्तस्राव नसताना हिमोग्लोबिन सातवर येणं डेंग्यूला जमत नाही. दुसरं, पांढऱ्या पेशी ४,२०० म्हणजे वरवर ठीक, पण त्यातल्या लिम्फोसाइट ८६ टक्के आणि न्यूट्रोफिल जेमतेम ९ टक्के. या वयात दोन्ही साधारण बरोबरीत असतात. मशीन पेशींचा आकार बघून गट पाडतं. ल्युकेमियाची कच्ची पेशी, ब्लास्ट, त्याला लिम्फोसाइटच वाटू शकते.

ल्युकेमिया म्हणजे पांढऱ्या पेशी लाखावर, अशी लोकांची समजूत असते. पुष्कळ मुलांत त्या सुरुवातीला कमी किंवा नॉर्मलच असतात. कारण गडबड रक्तात नाही, हाडांच्या पोकळीतल्या मॅरोत चाललेली असते. तिथे ब्लास्टनी जागा अडवली की लाल पेशी बनत नाहीत म्हणून मूल पांढरं पडतं, प्लेटलेट बनत नाहीत म्हणून डाग येतात, न्यूट्रोफिल बनत नाहीत म्हणून ताप उतरत नाही, आणि मॅरो ठासून भरल्यामुळे हाडं दुखतात. चिऊची चारही लक्षणं एकाच कारणाची होती, पण घरात आणि दवाखान्यात त्यांना चार वेगवेगळी कारणं मिळाली होती.

लंगडण्यासाठी तिला वेगळीकडे दाखवलं होतं. तिथे संधिवाताचा संशय घेऊन प्रेडनिसोलोनचं सिरप लिहून मिळालं. ते सुरू करण्याआधी आई नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे विचारायला गेली, आणि त्यांनी बाटली उघडूच दिली नाही. आधी रक्ताचा स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला थेंब, पॅथॉलॉजिस्टनी डोळ्यांनी बघू दे, मग ठरवू, असं सांगितलं. या एका निर्णयाचं मोल फार मोठं आहे. प्रेडनिसोलोन हे ल्युकेमियाचंच एक औषध आहे. आठ-दहा दिवस दिलं असतं तर पाय दुखायचे थांबले असते, ताप गेला असता, ब्लास्ट रक्तातून दिसेनासे झाले असते आणि घरात पेढे वाटले गेले असते. काही आठवड्यांनी आजार परत आला असता तो अर्धवट औषध खाऊन, आणि मग सुरुवातीचा खरा धोका किती होता हे ठरवणं अवघड गेलं असतं. मुलाला ताप, फिकटपणा आणि हाडदुखी एकत्र असेल, तर स्मिअर बघितल्याशिवाय स्टेरॉइड नको. पुण्यातल्या प्रत्येक क्लिनिकच्या भिंतीवर हे लिहून लावावं, असं माझं मत आहे.

स्मिअरमध्ये ब्लास्ट दिसले. दुसऱ्या दिवशी ती कोथरूडच्या बाजूच्या एका मोठ्या रुग्णालयात दाखल झाली.

निदान, आणि ‘कितवी स्टेज?’

छातीचा एक्स-रे आधी काढला. टी आणि बी या लिम्फोसाइटच्या दोन जाती. टी-पेशींच्या एएलएलमध्ये छातीत गाठ असू शकते, आणि ती असताना मुलाला झोपेचं औषध देणं धोक्याचं असतं. चिऊच्या छातीत काही नव्हतं. मग कमरेच्या मागच्या हाडातून मॅरो काढली. ब्लास्ट ८४ टक्के. फ्लो सायटोमेट्रीत, म्हणजे पेशींवरच्या खुणा ओळखणाऱ्या तपासणीत, त्यांच्यावर सीडी१९, सीडी१०, सीडी३४ आणि टीडीटी या खुणा सापडल्या, म्हणजे बी-पेशींचा एएलएल. मुलांच्या एएलएलपैकी साधारण ८५ टक्के याच जातीचा असतो.

वडिलांचा पहिला प्रश्न सगळ्यांचाच असतो: “डॉक्टर, कितवी स्टेज आहे?” ल्युकेमियाला तशी स्टेज नसते. तो पहिल्या दिवसापासून रक्ताबरोबर सगळीकडे गेलेला असतो, आणि तरीही बरा होऊ शकतो. ठरवायचा असतो तो धोका. त्यासाठी मुलाचं वय (एक ते दहा वर्षांच्या आतलं चांगलं), सुरुवातीच्या पांढऱ्या पेशी (५०,००० च्या आत चांगल्या), मेंदूभोवतीच्या पाण्यात ब्लास्ट आहेत का, ब्लास्टमधल्या गुणसूत्रांत काय बदल आहेत, आणि औषधाला पहिल्या आठवड्यात व पहिल्या महिन्यात आजार कसा वितळतो, एवढं बघतात. यातला शेवटचा मुद्दा बाकी सगळ्यांवर मात करतो. चिऊच्या ब्लास्टमध्ये ४६ ऐवजी ५४ गुणसूत्रं होती. ऐकायला भयंकर, पण एएलएलमध्ये हा बदल शुभ मानतात. मेंदूभोवतीचं पाणी, जे पाठीतून काढून तपासतात, स्वच्छ होतं. नववं आणि बाविसावं गुणसूत्र एकमेकांत अडकून तयार होणारा बीसीआर-एबीएल बदल नव्हता. तो असता तर रोजच्या गोळीच्या रूपात इमॅटिनिब किंवा डॅसॅटिनिब जोडावं लागलं असतं. मुलांत तो थोड्यांत, मोठ्या माणसांत मात्र पाव रुग्णांत आढळतो. वीस-पंचविशीतल्या रुग्णालाही हल्ली मुलांच्या धर्तीचे उपचार देतात, पण मुलांइतकं यश तिथे अजून नाही.

आईचा प्रश्न वेगळा होता, आणि तो तिने वडील बाहेर गेल्यावर विचारला. गरोदरपणात ग्रहणात भाजी चिरली होती, त्याने झालं असेल का? समोरच्या इमारतीवर मोबाइलचा टॉवर आहे, त्याने? दोन्हीची उत्तरं ‘नाही’ अशीच आहेत. बहुतेक मुलांत हा आजार आईबापांकडून आलेला नसतो, तो कुणाला लागत नाही, आणि तिच्या धाकट्या भावाची तपासणी करायचीही गरज नव्हती. ही खात्री एकदा देऊन भागत नाही. पुढे प्रत्येक टप्प्यावर ती पुन्हा द्यावी लागली.

मामा बोन मॅरो द्यायला तयार होऊन आला होता. त्याला परत पाठवलं. मुलांच्या एएलएलमध्ये बहुतेकांना ट्रान्सप्लांट लागतच नाही. औषधांना दाद न देणाऱ्या किंवा लवकर उलटलेल्या आजारासाठी ते राखून ठेवतात.

पहिला महिना

उपचारांची चौकट भारतीय केंद्रांनी मिळून आखलेल्या ‘आयसीआयसीएलई’ प्रोटोकॉलच्या धर्तीवर होती. पहिला आठवडा नुसतं प्रेडनिसोलोन. आठव्या दिवशी रक्तातल्या ब्लास्ट मोजायच्या आणि त्या मायक्रोलिटरमागे हजाराच्या आत असतील तर पहिला शुभशकुन. चिऊच्या जवळजवळ संपल्या होत्या. मग दर आठवड्याला शिरेतून विनक्रिस्टीन, ठरलेल्या दिवशी एल-अस्पॅराजिनेज, आणि पाठीच्या कण्यातून मेथोट्रेक्सेट, कारण शिरेतून दिलेली बरीच औषधं मेंदूपर्यंत पुरेशी पोचत नाहीत. एकेकाळी यासाठी मुलांच्या डोक्याला रेडिएशन द्यायचे. आता बहुतेकांना त्याशिवाय भागतं.

विनक्रिस्टीन हे अंगणातल्या सदाफुलीतून निघालेलं औषध. हे ऐकल्यावर आजीने सदाफुलीचा काढा द्यायची तयारी केली होती. तो देऊ नका, असं स्पष्ट सांगावं लागलं. झाडात किती औषध आहे ते मोजता येत नाही, आणि विनक्रिस्टीनची मात्रा मिलिग्रॅमच्या अंशांत ठरते. हे औषध शिरेतून जीव वाचवतं, पण चुकून कण्यात गेलं तर रुग्ण दगावतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ते सिरिंजऐवजी छोट्या सलाइन-पिशवीतून द्यावं असा इशारा दिला. बऱ्याच वॉर्डांत कण्यातलं इंजेक्शन आणि विनक्रिस्टीन एकाच खोलीत आणतही नाहीत.

स्टेरॉइडने चिऊला रात्री तीनला भूक लागायची. वरण-भात, तूप, आणि तो संपला की बटाट्याची भाजी. तोंड गोल झालं, ती आईला चावायला लागली. नातेवाईक फोटो बघून म्हणाले, तब्येत सुधारली! विनक्रिस्टीनने बद्धकोष्ठता झाली आणि जबडा दुखला. त्याला औषधं होती, फार काही करावं लागलं नाही.

प्लेटलेटची मात्र ओढाताण झाली. पुण्यात गणपती मंडळांची रक्तदान शिबिरं भरपूर होतात, पण प्लेटलेटची पिशवी पाचच दिवस टिकते. उत्सवातल्या शिबिराचा उपयोग उत्सवाच्या आठवड्यातल्या मुलांना होतो. पंधरा दिवसांनी ज्याला लागतील त्याने काय करायचं? वडिलांच्या वर्कशॉपमधल्या पोरांनी आपापसांत पाळी लावून घेतली, दर चार दिवसांनी एक जण. ही कल्पना कुणाच्याही कामी येईल.

खरा धोका विसर्जनाच्या रात्री आला. तेव्हा तिचे न्यूट्रोफिल ११० होते, म्हणजे जंतूंशी लढायला जवळजवळ कुणीच नव्हतं. अशा मुलाला १००.४ च्या वर ताप आला की ती इमर्जन्सी असते. रुग्णालयात पोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. तापाचं औषध देऊन ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही. आपल्याकडे उपचारांच्या पहिल्या महिन्यात जी मुलं जातात, त्यांतली पुष्कळ ल्युकेमियाने नव्हे, जंतुसंसर्गाने जातात. हे माहीत असल्यामुळे वॉर्डातल्या सिस्टरने दोन दिवस आधीच वडिलांना विचारलं होतं, “विसर्जनाच्या रात्री ताप आला तर कुठल्या रस्त्याने याल?” पेठांतले रस्ते बंद, सिंहगड रोडचं सांगता येत नाही. ठरलं ते असं: नवले पुलावरून बायपास धरायचा, वारज्याला उतरायचं, कर्वेनगरमधून यायचं. रात्री अकराला १०१.२ ताप चढला. ते ठरलेल्या रस्त्याने आले, फोन आधीच केलेला होता, कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायला रक्त, काढून लगेच इंजेक्शन सुरू झालं. कल्चरमध्ये क्लेबसिएला जंतू वाढला. दहा दिवसांनी ती त्यातून बाहेर आली. औषध चांगलं होतंच. पण मला वाटतं, त्या रात्री तिला रस्त्याच्या त्या प्रश्नाने वाचवलं.

‘काही नाही म्हणता, मग सुया कशाला?’

पहिल्या टप्प्याच्या शेवटी पुन्हा मॅरो तपासली. सूक्ष्मदर्शकाखाली ब्लास्ट पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे रेमिशन. त्याहून बारीक तपासणीत, एमआरडीत, दहा हजार पेशींत एकही सापडली नाही. हा निकाल पुढच्या सगळ्या भाकितांचा पाया असतो.

आजीने विचारलं, रिपोर्टात काही नाही म्हणता, मग अजून दोन वर्षं सुया कशाला? प्रश्न बरोबरच होता. निदानाच्या वेळी अंगात ल्युकेमियाच्या साधारण एक लाख कोटी पेशी असतात. त्यांतल्या शंभरातल्या नव्याण्णव मेल्या तरी हजार कोटी उरतात, आणि दहा हजारांत एकही न दिसणं म्हणजेही शून्य नव्हे. हे आकडे ऐकून आजी थोडा वेळ गप्प बसली, मग स्वतःच म्हणाली, “म्हणजे लव्हाळ्यासारखं. वरून खुरपलं तरी खाली गाठी राहतातच.” भातशेती केलेल्या बाईला याहून जास्त समजवायची गरज नव्हती.

पुढचे सात-आठ महिने इंजेक्शनांचे होते: सायक्लोफॉस्फमाइड, सायटराबिन, मेथोट्रेक्सेट, मग पुन्हा पहिल्या महिन्यासारखी एक फेरी, त्यात डॉक्सोरुबिसिन. केस गेले, दोनदा दाखल व्हावं लागलं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून केमोथेरपीचा मोठा भाग निघाला. योजनेची मर्यादा आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये आहे. पण निदानाच्या वेळच्या काही तपासण्या, रिक्षा, बाहेरचं खाणं आणि वडिलांचे बुडलेले खाडे कुठल्याच योजनेत बसत नाहीत. त्यासाठी पतपेढीचं कर्ज झालं. उपचार मध्येच सुटण्याचं कारण पुष्कळदा हेच असतं. त्यामुळे समाजसेवा विभागाची भेट पहिल्याच आठवड्यात घ्यावी, पैसे संपल्यावर नव्हे.

मेंटेनन्सचा आठवा महिना

मेंटेनन्स म्हणजे घरच्या घरी गोळ्या. रोज रात्री सिक्स-मर्कॅप्टोप्युरिन, आठवड्यातून एकदाच मेथोट्रेक्सेट, शनिवार-रविवार फुप्फुसाच्या एका विशिष्ट संसर्गापासून बचावासाठी सेप्ट्रान, आणि अधूनमधून कण्यातलं इंजेक्शन. मूल शाळेत जायला लागतं, केस येतात, गाल ओसरतात. वॉर्डातली धावपळ संपते, आणि लढाईच संपली असं घराला वाटतं.

चिऊची मर्कॅप्टोप्युरिनची मात्रा तिच्या उंची-वजनावरून आठवड्याला ३०० मिलिग्रॅम बसत होती. आपल्याकडे गोळी ५० मिलिग्रॅमची. म्हणजे पाच दिवस एक-एक, दोन दिवस अर्धी. मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम, म्हणजे अडीचच्या सहा गोळ्या, त्या एकाच दिवशी. दोन्हींचा आठवड्याचा हिशेब सहा-सहा गोळ्यांचाच निघतो, आणि घोटाळा इथेच होतो. मेथोट्रेक्सेट चुकून रोज दिलं गेलं तर ते जीवघेणं ठरू शकतं. म्हणून त्याचा वार पक्का ठरवून कागदावर ठळक लिहून देतात. इथे तो गुरुवार होता.

आठव्या महिन्यात वडील हसत ओपीडीत आले. पांढऱ्या पेशी ८,६००, न्यूट्रोफिल ४,३००. “बघा डॉक्टर, एकदम नॉर्मल!” आदल्या महिन्याचा रिपोर्टही असाच होता.

मेंटेनन्समध्ये न्यूट्रोफिल साधारण ५०० ते १,५०० च्या मध्ये ठेवायचे असतात. औषध लपलेल्या ल्युकेमिया-पेशींपर्यंत पोचतंय की नाही, हे थेट बघता येत नाही. ते चांगल्या पेशींना थोडं दाबतंय, यावरूनच अंदाज बांधावा लागतो. पूर्ण मात्रेवर असलेल्या मुलाचे न्यूट्रोफिल चार हजार, म्हणजे औषध कामच करत नाहीये. नुकताच स्टेरॉइडचा कोर्स झाला असेल तर आकडा काही दिवस वाढलेला दिसतो. चिऊचा तसा झालेला नव्हता. ब्लास्ट आहेत का, हे बघायला स्मिअर हाताने तपासला. तो स्वच्छ होता.

पुढचं पाऊल पुस्तकाप्रमाणे मात्रा वाढवणं. कनिष्ठ डॉक्टरांनी तसं लिहिलंही होतं. ते थांबवून आधी एक साधी गोष्ट केली: घरातल्या सगळ्या गोळ्या आणि सगळ्या बाटल्या पिशवीत घालून आणायला सांगितल्या. ‘गोळी देता ना?’ या प्रश्नाला कुठलेही आईबाप ‘हो’ म्हणतात. समुपदेशक ताईंनी प्रश्न उलटा विचारला, “गेल्या आठवड्यात किती वेळा राहून गेली?” आईने आधी पिशवीकडे बघितलं. मग म्हणाली, “ताई, खरं सांगू का, गोळी दिली की ही सकाळी काही खात नाही. गावाला आजीकडे होती तेव्हा आजींनी मधेमधे सोडली. आणि रिपोर्ट तर चांगलाच यायला लागला.”

दोन महिन्यांत मर्कॅप्टोप्युरिनच्या ४८ गोळ्या संपायला हव्या होत्या. १७ शिल्लक होत्या. तीनातली एक गोळी पोटात गेलीच नव्हती.

इथे कुणी निष्काळजी नव्हतं. घराने आठ महिने वॉर्डातल्या आमच्याकडूनच शिकलं होतं, की पेशी कमी म्हणजे वाईट, वाढल्या म्हणजे चांगलं. गोळ्या कमी केल्या, पेशी वाढल्या, मूल जेवायला लागलं. त्यांच्या हिशेबाने प्रयोग यशस्वी झाला होता. मेंटेनन्स सुरू होताना आकड्यांचा अर्थ उलटा होतो, हे त्यांना वेगळं आणि ठासून सांगायला हवं असतं. तेवढं बोलायला गर्दीच्या ओपीडीत कुणाला सवड नसते. अमेरिकेतल्या मुलांवरच्या अभ्यासात, या गोळीचे शंभरातले पाचाहून जास्त डोस चुकलेल्या मुलांत आजार उलटण्याचा धोका दुपटीहून अधिक निघाला. चिऊचे पस्तीस चुकले होते.

पिशवीत आणखी एक बाटली होती, रक्तवाढीच्या टॉनिकची. लेबलवर लोहाबरोबर फॉलिक ॲसिड. त्यामागे एक जुनी गोष्ट आहे, आणि ती अर्धी आपल्या मुंबईत घडली. लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर १९२०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईतल्या गिरणी कामगार बायकांचा गरोदरपणातला रक्तक्षय अभ्यासत होत्या. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो असं त्यांना दिसलं, आणि त्यातला गुणकारी घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. हेच फॉलिक ॲसिड ल्युकेमियाच्या पेशींनाही वाढायला लागतं. भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखाली अमेरिकेत लेडर्ली प्रयोगशाळेत फॉलिक ॲसिडची वाट अडवणारी रसायनं तयार झाली, आणि बोस्टनमध्ये डॉक्टर सिडनी फार्बर यांनी त्यातलं अमिनोप्टेरिन १६ मुलांना दिलं. १९४८ मध्ये त्यांनी कळवलं की त्यांतल्या १० जणांत आजार काही काळ हटला. ल्युकेमिया औषधाने मागे सरतो, हे जगाला तेव्हा दिसलं. मेथोट्रेक्सेट त्याच कुळातलं. तेव्हा गुरुवारी फॉलिक ॲसिडची वाट अडवायची आणि बाकीचे सहा दिवस चमच्याने तेच पाजायचं, असं टॉनिकच्या बाटलीने चाललं होतं. टॉनिक बंद केलं. मेंटेनन्समधल्या मुलाला डॉक्टरांना न दाखवता कुठलंही ‘ताकदीचं’ औषध देऊ नये.

मात्रा वाढवली असती तर काय झालं असतं, हेही बघण्यासारखं आहे. घराने घाबरून दुसऱ्या दिवसापासून वाढीव मात्रा नेमाने दिली असती आणि तीन आठवड्यांत पेशी कोसळल्या असत्या. गोळ्या मोजल्याशिवाय मात्रा वाढवू नये, त्याचं कारण हे. गोळ्यांचा हिशेब बरोबर निघाला असता तर पुढची शंका वेगळी असती: काही मुलांचं यकृत मर्कॅप्टोप्युरिनचं भलत्याच घटकात रूपांतर करतं, आणि रक्तातल्या त्या घटकांची पातळी मोजून ते कळतं. उलट टोकाला एनयूडीटी१५ नावाच्या जनुकातला बदल असतो. तो आशियाई लोकांत बराच आढळतो, आणि असलेल्या मुलाच्या पेशी नेहमीच्या मात्रेनेही धाडकन खाली येतात. चिऊला तो नव्हता.

मात्रा तीच ठेवली आणि बदल घरात केले. गोळी द्यायचं काम आईकडून आजीकडे गेलं, कारण गावाला असो की धायरीत, मुलीजवळ तीच असते. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर अर्ध्या गोळीच्या दिवसांना हिरवी खूण, गुरुवारांना लाल. अर्ध्या गोळ्यांचा चुरा व्हायचा म्हणून गोळी कापायचं छोटं यंत्र दिलं. सकाळच्या मळमळीसाठी गोळी झोपताना. दर महिन्याला उरलेल्या गोळ्या आणायच्या, रागावणं नाही.

महिन्याभराने न्यूट्रोफिल १,१०० आले. या वेळी वडील घाबरले होते. “कमी झाल्या ना?” त्यांना सांगितलं, याच हव्या होत्या.

नंतरचं

त्या दोन महिन्यांनी काही नुकसान केलं का, हे कुठल्याच तपासणीने सांगता येत नाही. आजार उलटला असता तर हाताशी काय होतं, हे घराने विचारलं, आणि लपवण्यात अर्थ नव्हता. ब्लिनाट्युमोमॅब हे औषध रुग्णाच्या स्वतःच्या टी-पेशींना बी-पेशींशी जोडून देतं. डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, नव्याने निदान झालेल्या, स्टँडर्ड रिस्क म्हणजे साधारण धोक्याच्या मुलांच्या नेहमीच्या केमोथेरपीला त्याची जोड दिल्यावर तीन वर्षं आजाराविना राहणाऱ्यांचं प्रमाण ८७.९ वरून ९६ टक्क्यांवर गेलं. ते अठ्ठावीस दिवस सलग पंपाने द्यावं लागतं, आणि किंमत धायरीच्या या घराच्या आवाक्याबाहेरची. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलमधल्या कामातून उभी राहिलेली नेक्सकार१९ ही भारतीय कार-टी थेरपी (यात रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, बदलून परत देतात) ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाली, पण ती मंजुरी पंधरा वर्षांपुढच्या, आजार उलटलेल्या रुग्णांसाठी. साध्या गोळीची शिस्त या दोन्हींपेक्षा कितीतरी स्वस्त पडते, म्हणून एवढा जीव काढून ती मोजायची.

पुढचे रिपोर्ट ठरल्या पट्ट्यात राहिले आणि उपचार वेळेवर संपले. आता चिऊ पहिलीत आहे. पहिलं वर्ष दर महिन्याला रक्त तपासणी, मग अंतर वाढत जाईल. आजार उलटायचा तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांतच उलटतो. डॉक्सोरुबिसिन दिलेलं असल्यामुळे हृदयाचा इको अधूनमधून करावा लागेल. लसींचं वेळापत्रक उपचार संपून सहा महिने झाल्यावर नव्याने लावलं. सेप्ट्रान काही महिने चालू ठेवली.

वडिलांचा शेवटचा प्रश्न तापाबद्दलच होता. आता ताप आला तर परत बायपासने धावत यायचं का? पहिले सहा महिने फोन करा, त्या दिवसाचे पेशींचे आकडे बघून ठरवू, असं सांगितलं. त्यानंतर धायरीतल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्यायचं, बाकीच्या मुलांना नेतात तसं, आणि तिचे उपचार कधी संपले व कुठली औषधं झाली तो कागद बरोबर ठेवायचा. त्या कागदाच्या दोन प्रती काढल्या आहेत. एक आजीकडे गावाला असते.